पालथा आकडा

माझ्या धाकट्या जावेनं पहिल्यांदा कारखान्याचा कर भरला तेव्हा तिच्या एका हातात चहाचा कप होता. दुसऱ्या हातातल्या फोनवर तिनं अंगठा चार वेळा टेकवला आणि म्हणाली, "झालं." बास, एवढंच. या कामासाठी मी बावीस वर्षं दर तीन महिन्यांनी अर्धा दिवस काढत होते. ठेवणीतली पर्स घ्यायची, बँकेत रांगेत उभं राहायचं, तीन प्रतींत चलन भरायचं, आणि तिन्हींवर शिक्के नीट उमटलेत ना ते उजेडात धरून बघायचं. ते काम हिचा चहा निवायच्या आत उरकलं. सासरे म्हणाले, "वा!" माझ्या बावीस वर्षांच्या शिक्क्यांना त्यांनी कधी 'वा' म्हटल्याचं मला आठवत नाही.

सरळच सांगते, मी तिच्यावर जळते. आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही, कारण पुढचं सगळं त्या जळण्यातूनच झालं. ती माझ्या दिराची बायको, माझ्याहून सतरा वर्षांनी लहान. घरात सगळे तिला 'धाकटी' म्हणतात, त्यामुळे मी आपोआप 'थोरली' झाले. ती येईपर्यंत मी नुसती सून होते.

आमचा कारखाना कुलपांचा. कारखाना म्हणायचं म्हणून, खरं तर एक लांबोडकी शेड आणि तिच्या टोकाला काचेचं दार असलेली एक खोली, तिला ऑफिस म्हणायचं. नंबरी कुलपं, लोखंडी कपाटं, लॉकर असं सगळं तिथं बनतं. कुलपं सासरे करतात, पत्रा माझा नवरा कापतो, गिऱ्हाइकं दीर आणतो. हिशेब, बँक आणि कर हे माझं. म्हणजे होतं.

धाकटी आधी विम्याच्या ऑफिसात नोकरीला होती. इथं आल्यावर पहिल्या वर्षी तिनं कॉम्प्युटर आणला. दुसऱ्या वर्षी बिलं त्याच्यावर गेली. तिसऱ्या वर्षी माझं खिडकीजवळचं टेबल गेलं, कारण प्लग तिथंच होता. "तुला काय, वहीच तर लागते," नवरा म्हणाला. मग मला भिंतीकडे तोंड करून बसवलं, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखं. माझ्या पाठीमागे ती आणि तिची खिडकी.

बरं, बाई वाईटही नाही, हेच तर दुखणं. आगाऊ असती, कामचुकार असती, निदान उलटून बोलणारी असती, तर मला धरायला काही सापडलं असतं. ती मला 'ताई' म्हणते. माझी पाठ धरते म्हणून तिनं स्वतःची गादीची खुर्ची मला दिली आणि आपण स्टूल घेतलं. सहा महिने मी त्या खुर्चीवर बसते आहे आणि सहा महिने ती खुर्ची मला टोचते आहे.

तिच्याकडे नाही आणि माझ्याकडे आहे अशी एकच गोष्ट उरली होती. ती म्हणजे पालथं.

सासऱ्यांचा नियम असा, की कुठलाही नंबर कागदावर सरळ लिहून ठेवायचा नाही. कागद कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. म्हणून शेवटचे दोन आकडे उलटे लिहायचे. "आपण बोलतो कसं?" ते म्हणतात. "अठ्ठेचाळीस. म्हणजे आठ आधी आणि चाळीस मागून. मी आपला बोलतो तसं लिहितो, पहिला आठ, मग चार. चोर वाचतो चौऱ्याऐंशी. बसू दे लेकाला चकती फिरवत." याला आमच्याकडे 'पालथं लिहिणं' म्हणतात. पालथ्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून, खालच्या कोपऱ्यात एक टिंब असतं. टिंब असलं, की आतला प्रत्येक नंबर शेवटी उलटवून वाचायचा.

मला हे सासूबाईंनी सांगितलं, लग्नानंतर तिसऱ्या दिवशी, दार लावून. मला वाटलं दागिने दाखवतायत. त्यांनी वही दाखवली. सगळं समजावून झाल्यावर म्हणाल्या, "आता तू घरची झालीस. पुढची येईल तिला तू सांगायचं." सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. पुढची आली त्याला चार.

सांगायचं राहून गेलं, असं मी मनाशी म्हणत आले. पहिला महिना पाहुण्यारावळ्यांत गेला. मग वाटलं, अजून नवी आहे. मग वाटलं, टेबल गेलं, बिलं गेली, एवढं एक राहू दे माझ्याकडे. घरात सगळे धरून चालले होते की मी सांगितलं असणार. तिजोरी मीच उघडायची, बँकेचा नंबर तिला चेकबुकावर मिळायचा, त्यामुळे चार वर्षं निभावून गेलं.

तर त्या चहाच्या दिवशी तिनं विचारलं, "ताई, आपला भरणा क्रमांक काय आहे?"

करखात्यानं कारखान्याला दोन क्रमांक दिले आहेत. एक नोंदणी क्रमांक, तो सगळ्या पत्रांवर छापून येतो. दुसरा भरणा क्रमांक, तो फक्त पैसे भरताना लागतो. तो खात्यानं एकदाच एका पत्रात कळवला होता आणि ते पत्र गहाळ होऊन जमाना झाला. आता तो फक्त माझ्या वहीत होता आणि जुन्या चलनांवर. चलनं माझ्या कपाटात होती आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये.

मी मान वर न करता वही मागे सरकवली. "आहे त्यात."

तेव्हा मला टिंब आठवलं होतं का? हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय, की खरं उत्तर आता झिजून गेलंय. एवढं मात्र आठवतं, की मी कान टवकारून बसले होते. आता हिचा फोन 'नाही' म्हणेल, ही वळेल आणि रडवेल्या आवाजात म्हणेल, "ताई, होत नाहीये." हे वाक्य ऐकायची मला फार हौस होती. पण फोन कशाला नाही म्हणतोय. त्यानं पैसे घेतले आणि 'भरणा यशस्वी' अशी हिरवी अक्षरं दाखवली.

दोन महिन्यांनी करखात्याचं पत्र आलं. मागच्या तिमाहीचा कर आमच्याकडून आलेलाच नाही, दंडासकट भरा. ते पत्र यायला मुहूर्त असा, की त्याच आठवड्यात दिराला एका इस्पितळाचं काम मिळत होतं. दोनशे चाळीस लॉकर. वर्षभर तो त्या लोकांच्या मागे होता. त्यांना आमच्याकडून एकच कागद हवा होता, कराची थकबाकी नसल्याचा दाखला. तीन आठवड्यांनंतरच्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत तो पोचला नाही तर काम दुसऱ्याला जाणार. पुन्हा कर भरावा तर हातात पैसे नव्हते, दिरानं त्या कामाच्या आशेवर आधीच पत्रा घेऊन ठेवला होता. काम गेलं असतं तर तो पत्रा आम्ही गंजताना बघत बसलो असतो.

पत्र वाचलं आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खोटं कशाला बोलू? नवऱ्यानं कपाळाला हात लावला, दिराचा चेहरा उतरला, धाकटी पांढरीफटक पडली, आणि मी भिंतीकडे तोंड करून हसले. भिंतीकडे तोंड असण्याचा तेवढा एक फायदा.

"आमच्या वेळी शिक्का असायचा," मी म्हणाले. "शिक्का कुठं हरवत नाही."

 धाकटीनं फोन उचलला.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. बँक म्हणाली, पैसे आमच्याकडून त्याच दिवशी गेले. करखातं म्हणालं, आमच्याकडे आले नाहीत. या दोघांच्या मधे एक भरणा केंद्र असतं हे आम्हाला तेव्हा कळलं. बँक पैसे त्यांना देते, ते खात्याला देतात. केंद्र म्हणालं, आम्ही पुढे पाठवले, खात्याला विचारा. खातं म्हणालं, तुमच्या नोंदणीवर काही दिसत नाही, बँकेला विचारा. तिघंही खरं बोलत होते आणि तिघांनीही हात वर केले होते. धाकटी रोज दोन-दोन तास फोन कानाला लावून बसायची. फोनवर तीच ती धून वाजायची. ती मला पाठ झाली आणि मी भांडी घासताना गुणगुणू लागले, तेव्हा नवरा म्हणाला, "बरीच खुशीत दिसतेस."

होतेच. सासऱ्यांनी दोन वेळा तिला हाक न मारता मला हाक मारली. दीर म्हणाला, "वहिनी, तुम्हीच भरत होतात ते बरं होतं." हे वाक्य मी दोन दिवस तोंडात घोळवलं.

पण अधूनमधून धाकटी म्हणायची, "ताई, वही देता जरा?" मी द्यायचे. ती फोनवरचा क्रमांक आणि वहीतला क्रमांक बोट ठेवून ताडून बघायची, एकेक आकडा, ओठ हलवत. "जुळतोय," म्हणायची आणि वही परत द्यायची. एकदा तिनं विचारलं, "एखादं जुनं चलन बघू का?"

"वहीतलंच आहे त्यात," मी म्हणाले.

ती "बरं" म्हणाली. माझ्यावर विश्वास होता तिचा.

तिनं पहिल्यांदा वही मागितली तेव्हापासूनच मला कळलेलं होतं असं म्हटलं तरी चालेल. निदान संशय होता. वहीचा मागचा पुठ्ठा उघडून टिंब बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते अर्धं मिनिट मी तीन आठवडे टाळलं. बघितलं नाही म्हणजे माहीत नाही, असा माझा हिशेब.

शेवटच्या आठवड्यात, बुधवारी, सासरे म्हणाले, "आता फोन पुरे. दोघी समक्ष जा. थोरली, तू सोबत जा, तुला तिथली माणसं ओळखतात."

मी ठेवणीतली पर्स काढली. वाटेत धाकटीला सांगत होते, तिथं साहेबांसमोर कसं बोलायचं, कोणत्या टेबलावरून सुरुवात करायची. आत गेलो तर टेबलं नव्हतीच. काचेच्या खिडक्यांची एक रांग होती आणि दाराशी एक यंत्र, ते नंबराची चिठ्ठी देत होतं. मला ओळखणारी माणसं निवृत्त झाली होती. मी यंत्रासमोर चष्मा शोधत राहिले, तोवर धाकटीनं बटण दाबून चिठ्ठी घेतलीसुद्धा. ज्या कार्यालयात माझी वट होती तिथंही मी हिच्या मागून चालले होते. माझं वय अठ्ठेचाळीस, पण त्या क्षणी मी पालथी चौऱ्याऐंशीची वाटले असेन.

आमच्या खिडकीत एक सर्दी झालेल्या बाई होत्या. गळ्यात चष्म्याची साखळी, शेजारी रुमालांची चळत. धाकटीनं सगळं दोन मिनिटांत मुद्देसूद सांगितलं. बाईंनी नाक पुसलं आणि एक यादी उघडली.

"बेवारस बघू," त्या म्हणाल्या.

"काय?" मी विचारलं.

"बेवारस खातं हो. पैसे येतात, पण त्यांच्यावर जो क्रमांक असतो तो कुणाचाच नसतो. मग ते कुणाच्या नावावर टाकायचे? ते इथं पडून राहतात, कुणी हक्क सांगेपर्यंत." त्यांनी तारीख विचारली, रक्कम विचारली, आणि बोट वरून खाली नेत थांबल्या. "हे बघा. रक्कम तीच, तारीख तीच, बँक तीच. पण याच्या शेवटी आहेत चौऱ्याऐंशी. आमच्या नोंदीत तुमचा आहे अठ्ठेचाळीस."

धाकटीच्या तोंडून "आई गं" एवढंच निघालं. 

"नेहमीचं आहे," बाई म्हणाल्या. "टायपिंगमध्ये दोन आकडे उलटे पडतात. एक अर्ज द्या. चूक कुणाची, कशी झाली, आणि सही. आज दिलात तर उद्या दाखला."

आता बघा, सगळं किती सोयीचं झालं होतं. पैसे सापडले होते, दाखला मिळणार होता, आणि चूक टायपिंगची होती. टाईप मी केलेलं नव्हतं. मला तोंड उघडायचीसुद्धा गरज नव्हती. धाकटीनं पेन घेतलं.  'सदर चूक माझ्याकडून' एवढं तिनं लिहिलं आणि मी तिच्या खांद्यावरून वाचलं, आणि मनात म्हटलं, आता टेबल परत मागायला हरकत नाही.

"आणि कशावरून बघून टाईप केलंत तो कागद जोडा," बाई म्हणाल्या. "त्यावर बरोबर क्रमांक हवा. नाहीतर उद्या कुणीही येईल आणि म्हणेल हे पैसे माझे."

धाकटी माझ्याकडे वळली. "ताई, वही."

वही पर्समध्येच होती. ती माझ्या पर्समध्ये नाही असा दिवस नाही. घरी राहिली म्हणावं, असं एकदा मनात आलं. पण उद्या पुन्हा यावं लागलं असतं, दाखला परवा, आणि परवा बारापर्यंत तो इस्पितळात पोचला असता की नाही कोण जाणे. मी वही काढून खिडकीत सरकवली.

बाईंनी चष्मा लावला. "इथंही चौऱ्याऐंशीच आहे की. म्हणजे टाईप बरोबर केलंय यांनी. चूक वहीत आहे." त्यांनी दुसरं काहीतरी उघडून बघितलं. "पण याआधीचे तुमचे सगळे भरणे बरोबर क्रमांकावर आलेत. वर्षानुवर्षं. ते कोण भरत होतं?"

"मी."

"याच वहीवरून?"

"हो."

"कसं काय?"

मागे रांगेत कुणीतरी घसा खाकरला. धाकटी माझ्याकडे बघत होती. मी वही उलटी केली, मागचा पुठ्ठा उघडला आणि टिंब दाखवलं. मग सांगितलं. सासूबाईंनी जे दार लावून, आवाज खाली आणून सांगितलं होतं, ते मी काचेच्या भोकातून, बाईंना नीट ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सांगितलं. आम्ही कुलूपवाले, नंबर पालथा लिहितो, बोलतो तसा लिहितो, आठ आधी, चाळीस मागून.

"अठ्ठे-चाळीस!" बाई हरखल्या. "खरंच की हो. इतकी वर्षं आकड्यांत काढली, कधी लक्षात नाही आलं." त्यांनी शेजारच्या खिडकीतल्या माणसाला हाक मारून सांगितलं. तो हसला आणि कागदावर करून बघू लागला. आमच्या घराचं गुपित पाच मिनिटांत खिडकी-खिडकीतून पुढे चाललं होतं. धाकटी हसली नाही. ती पुठ्ठ्यावरच्या टिंबाकडे बघत होती.

मग बाईंनी अगदी सहज, अर्जात नसलेला प्रश्न विचारला. "मग यांना नव्हतं सांगितलं तुम्ही?"

मी तोंड उघडलं. काय म्हणणार होते देव जाणे. 'विसरले' म्हणाले असते बहुतेक.

"सांगितलं होतं ताईंनी," धाकटी म्हणाली. "माझ्याच लक्षात राहिलं नाही."

मला तिचे उपकार वाटायला हवे होते. मला तिचा असा संताप आला, की कानशिलं तापली. कॉम्प्युटर तिनं घेतला, टेबल घेतलं, सासऱ्यांचं 'वा' घेतलं. आता चांगुलपणाही हिनंच घेतला, तोही माझ्यासमोर, माझ्या वाटचा. माझ्यासाठी उरलं काय? मी तिला थांबवलं नाही आणि तिनं अर्ज पुरा केला. बाईंनी पोचपावतीवर शिक्का मारला. तो नीट उमटला की नाही ते मी उजेडात धरून बघितलं नाही.

बसमध्ये तिनं खिडकीची जागा मला दिली. दोन थांबे गेल्यावर मी विचारलं, "खोटं का बोललीस?"

"खिडकी एकला बंद होणार होती," ती म्हणाली. "एकला दहा कमी होती. तिथं भांडत बसले असते तर अर्ज राहिला असता." मग तिनं तोंड फिरवलं आणि उतरेपर्यंत पलीकडच्या बाजूला बघत राहिली.

कारखान्यात सगळे वाटच बघत होते. दिरानं पोचपावती हिसकावूनच घेतली, दोनदा वाचली आणि पत्र्याच्या थप्पीवर बसकण मारली. नवरा म्हणाला, "चला, सुटलो." सासरे एका चकतीला कानस लावत होते, ते थांबले नाहीत. आणि मग नवऱ्यानं ते विचारलंच. "पण चूक कुणाची निघाली शेवटी?"

धाकटीनं श्वास घेतला. मला दिसलं, ती पुन्हा तेच म्हणणार होती. खिडकीत म्हणाली तसं, साध्या आवाजात, आणि सगळे तिला म्हणणार होते, जाऊ दे गं, होतं असं. ते मला सहन होणार नव्हतं.

"माझी," मी म्हणाले. तिच्या आधी म्हणाले. "वहीत पालथं होतं. मी तिला पालथं कधी सांगितलंच नाही. जुनं चलन मागितलं तेही दिलं नाही."

याला कुणी प्रामाणिकपणा म्हणू नये. मला फक्त एकदा, एका बाबतीत तरी, हिच्या पुढे जायचं होतं.

कानस थांबली. "चार वर्षं?" सासरे म्हणाले.

"हो."

"तिसऱ्या दिवशी सांगायचं असतं ते." एवढंच बोलून त्यांनी चकती खाली ठेवली. नवरा माझ्याकडे असा बघत होता, जसा तो मापात चुकलेल्या दाराकडे बघतो. दीर आपल्या बायकोकडे बघत होता.

धाकटी रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. "ताई," ती म्हणाली, "या तीन आठवड्यांत मी तुमच्याकडे वही किती वेळा मागितली?"

"मोजलं नाही मी."

"मी मोजलंय. नऊ वेळा." तिचा आवाज चढला नव्हता. "नऊ वेळा तुम्ही ती माझ्या हातात दिलीत आणि मी आकडा आकडा ताडत बसले. मला वाटायला लागलं होतं, माझंच डोकं फिरलंय. झोप नव्हती मला. यांनी मला डॉक्टरकडे नेलं होतं, तुम्हाला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. दिरानं मान खाली घातली. माझ्याकडे बोलायला 'चुकलं' एवढंच होतं. मी ते म्हणाले. ते फार छोटं वाटलं.

ती ऑफिसच्या खोलीत गेली आणि दार धरून उभी राहिली. "या आत," म्हणाली. मी गेले. तिनं दार लावून घेतलं. काचेपलीकडे तिघे पुरुष उभे होते, आणि आता काय होणार म्हणून आत बघत होते. तिनं स्टूल ओढलं आणि खिडकीजवळच्या टेबलावर कोरा कागद घेतला.

"आता सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

मी गादीच्या खुर्चीवर बसले आणि वही उघडली. सासूबाईंनी जसं सांगितलं होतं तसंच सांगायचं ठरवलं. आधी टिंब कुठं असतं ते, मग शेवटचे दोन आकडे, मग कुठल्या पानावर काय आहे ते. ती लिहून घेत होती. तिचं अक्षर सुरेख आहे, तेही मला नेहमी खुपायचं. हे सगळं सांगून झालं की शेवटी एक वाक्य म्हणायचं असतं. ते म्हणायला मला चार वर्षं उशीर झाला होता, पण ते तिला द्यायचंच असं मी ठरवलं, आणि या वेळी मनापासून.

"सासूबाई मला म्हणाल्या होत्या," मी सुरुवात केली, "की आता तू घरची..."

"ते राहू द्या, ताई," ती कागदावरून मान वर न करता म्हणाली. "नुसते आकडे सांगा."

मी तिला आकडे सांगितले.